ताप उतरल्यानंतरची गोष्ट

चिकनगुनियाचं नाव निघालं की लोक तापाबद्दल विचारतात. किती चढला होता, किती दिवस राहिला, प्लेटलेट किती झाल्या, ॲडमिट केलं होतं का. मला तापाबद्दल फार सांगायचंच नाहीये, ताप आला आणि गेला. मला सांगायचंय त्याच्या नंतरच्या महिन्यांबद्दल, कारण ते महिने आजारपणात कोणी धरतच नाही. रिपोर्टमध्ये ते दिसत नाहीत, रजेच्या अर्जात ते बसत नाहीत, आणि ज्या बाईच्या वाट्याला ते येतात ती बाई बाहेरून एकदम ठणठणीत दिसत असते, त्यामुळे तिला विचारायचं तरी काय हेच लोकांना समजत नाही.

2024 चा पावसाळा नागपूरकरांच्या चांगला लक्षात असेल. जुलैपासून सुरू झालं आणि ऑगस्ट येईपर्यंत आमच्या मानेवाड्याकडे दवाखान्यात बसायला जागा नसायची, लोक बाहेर पायऱ्यांवर, गाड्यांवर टेकून नंबरची वाट पाहून राहिलेले. साथ कुठपर्यंत पोचली ते कळायला पेपर वाचायची गरज नव्हती, रस्त्यावर उभं राहून माणसांची चाल पाहिली तरी पुरे होतं. आमचा भाजीवाला, तरणाताठा माणूस, ठेल्याला धरून धरून पाय टाकायचा. दूधवाला गाडीवरून उतरायचाच नाही, खालून हॉर्न वाजवायचा, आणि त्याच्यावर कोणी रागावत नव्हतं कारण ज्यांच्या घरी दूध घ्यायला खाली यायचं त्यांचीही गत तीच.

मला झाला तो शाळेत. आठवीचा गणिताचा तास होता, फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता मनगट दुखायला लागलं. मधल्या सुट्टीपर्यंत अंगात कापरं भरलं, आणि घरी निघाले तेव्हा ॲक्टिव्हाचा ब्रेक दाबायला बोटंच वळेनात. पाय टेकवत टेकवत, रस्त्याच्या अगदी कडेने कशीबशी घरी आले. थर्मामीटर लावलं तर 103. या आजाराचं हेच, हळूहळू येत नाही, सकाळी डबा भरून निघालेलं माणूस दुपारी आडवं होते.

रात्री बाथरूमला जायला उठले, भिंत धरून. माझ्या सासूबाई समोरच्या दिवाणावर जाग्या होत्या. त्यांनी मला चार पावलं टाकताना पाहिलं आणि म्हणाल्या, "हा चिकनगुनिया हाय, बाई. डॉक्टर काहीही म्हनू दे." आणि मग थोड्या वेळाने, मी परत येऊन पडल्यावर, "ताप तं चाल्ला जाते, त्याले भेऊ नको. तो गेल्यावर मंग खरी बिमारी सुरू होते."

त्यांना हे ठाऊक होतं कारण त्यांना तो 2006 मध्ये होऊन गेलेला. त्या वेळी मी या घरात आलेली नव्हते, पण त्या सालच्या साथीबद्दल विदर्भातल्या कोणत्याही घरात विचारा, कोणी ना कोणी पडलेलं असते. देशभरात तेव्हा जवळपास 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली होती. आणि आजार तसा नवा नव्हता, 1963 मध्ये कलकत्त्यात येऊन गेलेला, आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1973 मध्ये मोठी साथ आलेली, पण त्याच्यानंतर तीसेक वर्षं तो देशातून जवळपास गायबच होता. म्हणजे 2006 ला दवाखान्यात बसलेल्या बहुतेक डॉक्टरांनी तो पुस्तकात वाचलेला, डोळ्यांनी पाहिलेला नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात, त्यांना कोणी वात म्हणालं, कोणी आमवात, कोणी म्हणे वयानुसार होतेच असं. तेव्हा त्या पन्नाशीच्या आतबाहेर होत्या. वर्षभर त्यांना पाटावर बसता आलं नाही, आणि त्या वर्षभरात घरात कोणीही त्यांना आजारी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिली ताकीद दिली ती पेनकिलरची. ही गोष्ट मी मुद्दाम इथे लिहून ठेवते कारण आमच्या गल्लीत लोक सर्रास एकमेकांच्या गोळ्या खाऊन राहिले होते. पहिल्या दिवसांमध्ये डेंगू आणि चिकनगुनिया सारखेच दिसतात, दोन्ही एकाच मच्छरापासून येतात, एखाद्याला दोन्ही सोबतसुद्धा होऊ शकतात. डेंगूमध्ये रक्तस्रावाची भीती असते, आणि ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी ती वाढते. म्हणून डेंगू नाही हे नक्की होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, आणि पाणी, ताक, ओआरएस, जे पोटात राहील ते. माझी डेंगूची एनएसवन टेस्ट निगेटिव्ह आली. चिकनगुनियाची आयजीएम टेस्ट मात्र त्यांनी लगेच करू दिली नाही, कारण ती ज्या अँटीबॉडी शोधते त्या बनायलाच शरीराला चारपाच दिवस लागतात, त्याच्या आधी केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते आणि माणूस उगाच निर्धास्त होते. ती नंतर केली, पॉझिटिव्ह आली. याच्यावर असं काही खास औषध नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ताप आणि दुखणं सांभाळायचं आणि वाट पाहायची.

ताप उतरला त्या दिवशी घरात सगळे खूश. माझ्या बहिणीचा फोन, नणंदेचा फोन, शाळेतून फोन, सगळ्यांचं एकच, "ताप गेला नं? चला, सुटलीस." मलाही वाटलं होतं की आता दोन दिवस वरणभात खाल्ला की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवले आणि टाचा जमिनीला लागल्याबरोबर तोंडातून ओरडणंच निघालं. घोटे सुजलेले. बोटं अशी झालेली की मूठ अर्ध्यापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची, पुढे नाहीच. पुढचे कित्येक आठवडे प्रत्येक सकाळ ही अशी होती. उन्हं वर येईस्तोवर जरा सैल व्हायचं, दुपारी तर वाटायचं की बरं आहे, आणि संध्याकाळी थकवा असा यायचा की बोलायलासुद्धा नको वाटावं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं की विषाणू रक्तातून साधारण आठवडाभरात निघून जाते, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची फौज सांध्यांमधून लवकर परत फिरत नाही, ती सूज आणि दुखणं मागे ठेवते. बहुतेकांचं काही आठवड्यांमध्ये कमी होते, काहींचं महिनोन्‌महिने चालते.

हातांचं मला सगळ्यात जड गेलं. हाताने आपण दिवसभरात काय काय करतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. परकराची नाडी सोडायची. गॅसचं बटण दाबून फिरवायचं. कुलपात किल्ली वळवायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण. टूथपेस्ट दाबायची. ओला टॉवेल पिळायचा, हे तर अशक्य, पाणी गळत असलेला टॉवेल तसाच दोरीवर टाकायचे आणि खाली फरशी ओली व्हायची. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या तेव्हा आईंनी साबण लावून एकेक काढल्या, इतक्या हळू की एका हाताच्या काढायला बराच वेळ गेला, आणि काढून झाल्यावर त्यांनी माझा तो हात आपल्या मांडीवर तसाच ठेवून घेतला आणि खोबरेल तेलाचा नुसता हात फिरवत राहिल्या. रगडलं नाही. रगडायचं नसते हे त्यांना माहीत होतं, त्यांचे सांधे 2006 ला कोणीतरी रगडले होते.

मग आठवड्याच्या अंतराने ह्यांना झाला, आणि पाठोपाठ लेकीला. लेकीचं तापावर आणि अंगावरच्या पुरळावर निभावलं, ती पोरगी लवकरच खेळायलाही लागली, पण हे आडवे झाले. घरात चार माणसं, त्यातली तीन अंथरुणावर, आणि उभी कोण तर सत्तरीच्या सासूबाई. एकदा चिकनगुनिया होऊन गेला की बहुतेक परत होत नाही, त्याची प्रतिकारशक्ती फार वर्षं टिकते असं डॉक्टर म्हणतात, आणि आमच्या घरात तर ते डोळ्यांदेखत होतं. सगळं घर पडलं आणि त्या तेवढ्या फिरत होत्या. सकाळी मुगाची पातळ खिचडी, वर साजूक तूप आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, दुपारी ताक, संध्याकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात मीठ टाकून आमचे हातपाय त्यात. ह्यांना त्या पहिल्यांदाच आवाज चढवून बोलताना मी ऐकलं, ते मला म्हणाले होते की आज जरा चार पोळ्या टाकतेस का, खिचडी खाऊन कंटाळा आला. "कनिक मळायले मनगट लागते," आई म्हणाल्या, "तिचं मनगट नाही सध्या. खिचडी खा." त्या दिवशी मी तोंड फिरवून रडले. अठरा वर्षांपूर्वी जे वाक्य त्यांच्यासाठी कोणी बोललं नाही ते त्या माझ्यासाठी बोलल्या होत्या.

पोळा आला सप्टेंबरच्या सुरुवातीला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गल्लीतली पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला दारोदार. एरवी दारात मीच उभी असते, सुट्टे पैसे आणि चॉकलेट घेऊन. त्या वर्षी बेल वाजली की मी खुर्चीतून उठायला लागायची आणि दारापर्यंत पोचेपर्यंत पोरं पुढच्या घरी गेलेली असायची. शेवटी आईंनी दारातच खुर्ची टाकून दिली. त्याच दिवशी तिकडे जुन्या नागपुरात मारबत निघते, म्हणजे रोगराई गावाबाहेर काढायला मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. माझं माहेर जागनाथ बुधवारीकडचं, लहानपणापासून पिवळी मारबत आमच्यासमोरून गेलेली. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं तिकडे सगळेच सांगतात. भावाने व्हिडिओ पाठवला, ती तुफान गर्दी, बडगे म्हणजे सोबतचे दुसरे पुतळे, आणि "रोगराई घेऊन जाय गे मारबत" ही आरोळी. लहान असताना आम्ही ते गळे काढून ओरडायचो, त्यातला रोगराई हा शब्द कधी कानात थांबलाच नाही. त्या दिवशी सुजलेल्या बोटांमध्ये फोन धरून मी तो व्हिडिओ परत परत पाहिला आणि एकटीच मनातल्या मनात तेच म्हणत राहिले. कोणाला अंधश्रद्धा वाटली तर वाटो. ज्या शहराने दीडशे वर्षं होत आली तरी दर पावसाळ्यात रोगराईला नाव घेऊन गावाबाहेर काढायचं ठेवलंय, त्या शहराला पावसाळ्यानंतर काय येते हे नीट ठाऊक आहे.

लगेच गणपती. आरतीला टाळ्या वाजवता येईनात, तळहातावर तळहात आपटला की कळ खांद्यापर्यंत. मी नुसते हात जोडून उभी.

रजा संपली तेव्हा शाळेत जावंच लागलं. आमच्या शाळेचं नाव मी घेत नाही, पण तिथे एक कागद मागतात, फिट असल्याचा. ताप नाही म्हणजे फिट. त्या कागदावर मनगटाची जागा नसते. वर्ग पहिल्या मजल्यावर, मी कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाल्या, "अगं तुझं तर वजन कमी झालं, छान दिसून राहिलीस." त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण नाकावर काळे डाग पडलेले, चेहरा ओढलेला, आणि छान? हे नाकावरचे डाग चिकनगुनियानंतर पुष्कळांना येतात, हळूहळू जातात, हे मला नंतर कळलं, तोपर्यंत मी आरसा टाळत होते.

मोठ्यांपेक्षा पोरांना लवकर समजलं. मी खडू धरला, एक ओळ लिहिली, अक्षर खाली उतरत गेलं, आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगा, मी लिहिते." तिच्या घरी आजीला झालेला होता. पुढचे कित्येक तास तीच फळ्यावर लिहायची, आणि मग त्यांच्यात पाळ्या लागल्या, आज कोण लिहिणार. वह्यांचा गठ्ठा आपोआप वर जायचा, आपोआप खाली यायचा. त्या पोरांना कोणी फिट असल्याचा कागद मागायला शिकवलेलं नव्हतं.

आता मच्छराबद्दल बोलते, कारण त्याच्याबद्दल न बोलता हे पुरं होत नाही. हा एडिस जातीचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. रात्री मच्छरदाणी लावून आपण सुरक्षित असं वाटते, तर हा सकाळी आणि दुपार कलताना चावून गेलेला असते. याला गटाराचं पाणी नाही लागत, घरातलं स्वच्छ साचलेलं पाणी लागते, आणि आपल्या नागपुरात असं पाणी कशात साचते? कूलरमध्ये. 45 डिग्रीच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय आपण जगू शकत नाही, घरोघरी खिडकीला एक मोठा लोखंडी डबा लटकलेला, आणि पाऊस सुरू झाला की तो बंद होते, पण खिडकीतून निघत नाही.

आमच्या गल्लीत एक घर बंद असते, मालक बाहेरगावी. त्याच्या वरच्या खिडकीत कूलर. साथ जोरात असताना गल्लीतल्या पोरांनी शिडी लावून त्याचं झाकण उघडलं आणि मोबाईलचा टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ मला दाखवला, मी खाली बाहेर खुर्चीवर बसलेली. टाकीत चार बोटं पाणी, आणि पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या, इतक्या की तळ दिसत नव्हता. टाकी हलली की सगळ्या एकदम वळवळत खाली जायच्या आणि परत वर यायच्या. हा मच्छर फार दूर उडत नाही, तीनचारशे मीटरच्या आतच त्याचा सगळा संसार. म्हणजे आमच्या गल्लीला झालेला आजार आमच्याच गल्लीत तयार झाला होता. फवारणीवाले येऊन धूर सोडून गेले होते, पण धुराने उडणारे मच्छर मरतात, पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही होत नाही.

पोरांनी पाणी ओतून दिलं आणि खाली उतरायला लागले, तर आई गॅलरीतून ओरडल्या, "घासा रे ते, घासल्याबिगर नका उतरू." बरोबर होतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. पाणी ओतलं तरी ती अंडी तिथेच, सुकून महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी नुसतं ओतायचं नाही, टाकी काथ्याने किंवा ब्रशने घासून कोरडी करायची. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला आठदहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा.

सल्ले खूप आले. पपईच्या पानांचा रस, गुळवेल, किवी. पिऊन पाहिलं त्यातलं काही, कोणाचं मन मोडायला नको म्हणून. पण एका सल्ल्याला मी ठाम नाही म्हटलं, तो म्हणजे "त्या अमुक ठिकाणी एक सुई देतात, दुसऱ्या दिवशी माणूस पळते." अशा सुयांमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. ते औषध वाईट नाही, योग्य रुग्णाला डॉक्टर तपासून, मोजून देतात, पण कुठेही न तपासता घेतलं की शुगर, बीपी, इन्फेक्शन, सगळ्याला आमंत्रण. दुखण्याने माणूस इतकं कावलेलं असते की तो कुठेही जायला तयार होते, हे मी समजू शकते. म्हणूनच सांगते.

बरं होणं सरळ रेषेत नाही झालं. दिवाळीच्या सुमारास वाटलं आता संपलं, आणि थंडी पडली तशी बोटं परत आखडली. केस मूठमूठ गळायला लागले, मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी असं होते आणि ते परत येतात हे डॉक्टरांनी सांगितल्यावर जीव भांड्यात पडला. एक दिवस टॉवेल पिळला गेला. पूर्ण. मी तो परत भिजवला आणि परत पिळला, आणि आईंना हाक मारून दाखवला, त्यांनी हातात घेऊन आणखी एक पीळ दिला, दोनचार थेंब पडले, म्हणाल्या, "अजून हाय थोडं." होतंच थोडं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या घरातल्या वहिनींना झाला. ताप उतरल्यावर चारच दिवसांत त्या ओट्याशी उभ्या राहून कणीक मळताना मला खिडकीतून दिसल्या, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून. मी आणि आई दोघी गेलो. त्यांचे मिस्टर भला माणूस आहे, त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते म्हणाले, "पण काकू, तिचा ताप तर गेला नं." आई त्यांच्या सोफ्यावर ऐसपैस बसल्या आणि त्यांनी 2006 पासून सुरुवात केली. तासभर बोलल्या. मी मधेमधे फक्त माझी बोटं दाखवली, कुठपर्यंत वळत नव्हती ते. वहिनी चहा करायला उठत होत्या तर त्यांच्या मिस्टरांनीच त्यांना बसवलं आणि चहा केला, साखर जास्त झाली होती पण प्यायलो. त्यांच्याकडे आता पोळ्यांना बाई लागल्यात, सकाळी आठला येतात.